कवळीखाली जखम : 'थोडी लागतेच' म्हणत आईंनी चार महिने सोसलं

शेवंती | मंगळवार, रात्री ९.४०

नमस्कार. दोन दिवस डोक्यात हाच विषय आहे, म्हणून धागा काढते आहे.

माझ्या सासूबाई ७६ वर्षांच्या. आम्ही वाईला राहतो. त्यांना वर-खाली पूर्ण कवळी आहे, अकरा वर्षांपूर्वी करून घेतलेली. कधी तक्रार केली नाही, म्हणून आम्हीही कधी विचारलं नाही. दिवाळीनंतर त्यांचं जेवण कमी होत गेलं. आधी भाकरी सुटली, मग चपाती दुधात कुस्करून, आणि संक्रांतीपासून नुसता गुरगुट्या भात नि ताक. तिळाची वडी त्यांनी हातात घेतली आणि तशीच नातवाला दिली. आम्हाला वाटलं, वय झालं, भूक मंदावली. वजन सात किलो उतरलं.

रविवारी सकाळी त्या बेसिनपाशी कवळी धूत होत्या. मी मागून गेले तर खालच्या कवळीच्या आतल्या बाजूला कापसाची बारीक वात बसवलेली दिसली. देवासाठी वळतात तशीच, तुपात भिजवलेली. काढली तेव्हा तिच्यावर गुलाबी डाग होता. मी विचारलं, "आई, हे कधीपासून?" तर म्हणाल्या, "अगं, कवळी आहे, थोडी लागतेच."

मोबाइलच्या उजेडात तोंड बघितलं. खाली डावीकडे, गाल आणि हिरडी मिळतात त्या खोबणीत, तांदळाच्या दाण्याएवढी लांबट पांढुरकी जखम, कडेने लाल. वर टाळू पूर्ण लाल, आणि तो लाल भाग बरोबर कवळीच्या आकाराचा, जणू कवळीचा ठसाच उमटला आहे. गंमत म्हणजे टाळू अजिबात दुखत नाही म्हणतात. शिवाय दोन्ही बाजूंच्या जिवण्या चिरलेल्या. त्याला त्या थंडी म्हणत होत्या, पण आता फाल्गुन लागला.

मधुमेह नऊ वर्षं, मेटफॉर्मिन चालू. बीपीची एक गोळी. रात्री अंगाला खाज येते म्हणून ॲलर्जीची एक गोळी, ती गेली दोन वर्षं. उशाशी तांब्याभर पाणी लागतं, घसा कोरडा पडतो म्हणून. आणि एक गोष्ट मला रविवारीच कळली, त्या झोपतानाही कवळी काढत नाहीत. लग्न होऊन मला नऊ वर्षं झाली, मी त्यांना बिनदाताचं कधीच पाहिलेलं नाही.

शनिवारी दंतवैद्यांची वेळ मिळाली आहे. तोवर काय करावं? आणि हा एकच आजार आहे की तीन?

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०.१५

शेवंती, वाचून वाईट वाटलं. माझ्या आईलाही असंच व्हायचं. आम्ही लोणी लावायचो, हळद-तूप लावायचो, आणि औषधांच्या दुकानात बधिर करणारं जेल मिळतं ते जेवायच्या आधी दहा मिनिटं लावलं की तिला घास चावता यायचा. तेवढ्यापुरता आराम नक्की पडतो. करून बघा.

विश्वास_७१ | बुधवार, सकाळी ६.२०

मी स्वतः कवळीवाला. वय नावातच आहे. आठ वर्षं झाली.

तुमच्या सासूबाई रात्री कवळी का काढत नाहीत ते मला नीट कळतं, म्हणून लिहितो. दात काढल्यावर आरशात जो चेहरा दिसतो तो आपला वाटत नाही. ओठ आत जातात, गाल बसतात, बोलणं बोबडं होतं. रात्री फोन वाजला, कुणी दार वाजवलं, तर? मी पहिली तीन वर्षं बायकोसमोरही काढली नाही. टाळूची आग सुरू झाली तेव्हा काढायला लागलो, तेही दिवा मालवून.

आणि दुखत असलं तरी सांगत का नाही, तर पैसे. एवढे हजार घालून मुलाने करून दिली, आता टोचते कसं म्हणायचं? त्यांना रागावू नका.

डॉ_नाशिककर | बुधवार, दुपारी २.०५

मी प्रॉस्थोडॉन्टिस्ट आहे, म्हणजे कवळ्या आणि कृत्रिम दात हेच माझं रोजचं काम. तोंड न बघता निदान करता येत नाही, ते शनिवारी तुमचे डॉक्टर करतील. पण तुम्ही इतकं नीट बघून लिहिलं आहे की काही गोष्टी सांगता येतील.

तक्रारी तीन आहेत, पण त्यांची मुळं एकमेकांत गुंतलेली आहेत.

आधी खालची जखम. दात काढले की ज्या हाडात ते रोवलेले होते त्या हाडाला काम उरत नाही आणि ते झिजू लागतं. पहिल्या वर्षात सगळ्यात वेगाने, पण पुढेही ते थांबत नाही. टॅलग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या जबड्यांचा २५ वर्षांचा अभ्यास १९७२ साली मांडला, त्यात खालचा जबडा वरच्यापेक्षा सुमारे चौपट झिजतो असं दिसलं. हाड बदलतं, कवळी मात्र माप घेतलं त्या दिवशीचीच राहते. मग ती खाली खाली बसते आणि तिचा काठ खोबणीतल्या मऊ कातडीत रुततो. वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो, ती चिकटून बसते. खालची घोड्याच्या नालासारखी, मध्ये जीभ, बाजूला गाल, सतत हलणारी. म्हणून कवळीच्या जखमा खालीच जास्त दिसतात. त्यात आईंचं वजन सात किलो उतरलं. अंगाबरोबर तोंडातलंही मांस उतरतं. जखमेमुळे खाणं कमी, खाणं कमी म्हणून वजन कमी, वजन कमी म्हणून कवळी आणखी ढिली. हे चक्र मी दर महिन्याला एखाद्या तरी घरात बघतो.

दुसरा तो लाल टाळू. कवळीच्या आकाराचा ठसा, आणि दुखत नाही, या वर्णनावरून मला बुरशीची शंका येते. कॅन्डिडा नावाची बुरशी कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात निमूट राहत असते. कवळीचं ॲक्रिलिक, म्हणजे ती ज्या प्लास्टिकची असते ते, डोळ्यांना गुळगुळीत दिसतं, पण त्याला सूक्ष्म छिद्रं असतात. दिवसरात्र कवळी तोंडात राहिली की तिच्याखाली लाळ पोचत नाही, हवा लागत नाही, आणि बुरशीला वाढायला ऊबदार जागा मिळते. दुखत नसल्यामुळे वर्षानुवर्षं कुणाला पत्ता लागत नाही.

तिसऱ्या जिवण्या. अकरा वर्षांत कवळीचे दात चावून चावून झिजतात. मग तोंड मिटल्यावर हनुवटी नाकाकडे जरा जास्तच सरकते, ओठांच्या कोपऱ्यांना घडी पडते, घडीत लाळ साचते, कातडी भिजून चिरते आणि तिथेही तीच बुरशी शिरते. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर हे चटकन होतं. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी होऊ शकतं. आई शाकाहारी असतील तर तपासून घ्याच.

या तिन्हींना खतपाणी घालणाऱ्या गोष्टी तुम्हीच लिहिल्या आहेत. साखर वाढलेली असेल तर बुरशी फोफावते आणि जखम भरायला वेळ लागतो. लाळ कमी असेल तर कवळी कोरडी घासते. लाळ हे कवळीचं वंगण आहे, आणि वरची कवळी धरून ठेवणारा गोंदही. ॲलर्जीच्या बऱ्याच जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. उशाशी तांब्याभर पाणी लागतं, हे वाक्य शनिवारी तिथे जरूर सांगा. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना विचारा.

आता शनिवारपर्यंत. जेवण सोडून बाकी वेळ खालची कवळी काढून ठेवा, रात्री दोन्ही. कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या चुळा. पण शनिवारी सकाळी मात्र कवळी घालून नाश्ता करू द्या आणि घालूनच न्या. काठ नेमका कुठे रुततो ते ताज्या खुणेवरून कळतं. तीन दिवस कवळी बाहेर राहिली आणि खूण पुसट झाली, तर आम्हाला अंदाजाने घासावं लागतं.

गोदाकाठ, तुमचा अनुभव खरा आहे, लोण्याने अपाय नाही. बधिर करणाऱ्या जेलबद्दल मात्र माझा आग्रह आहे की रोज वापरू नये. दुखणं हा तिथला पहारेकरी आहे. त्याला झोपवून कवळी चावत राहिली की जखम खोल जाते. वातीचंही तसंच. एका बाजूला कापूस घातला की कवळी तिथे उचलली जाते आणि सगळा भार दुसऱ्या बाजूवर येतो. शनिवारी उजवी बाजूही नीट बघायला सांगा.

माळरान | बुधवार, रात्री ११.३०

हे लिहावं की नाही, दिवसभर विचार करत होतो.

माझी आई कोल्हापूरजवळच्या खेड्यातली. लहानपणापासून मिश्री लावायची. सगळे दात गेले, कवळी आली, तरी मिश्री सुटली नाही. हिरडीला बोट लावल्याशिवाय तिची सकाळ व्हायची नाही. २०१६ च्या पावसाळ्यात खाली गालाच्या आत जखम झाली. आम्ही सगळेच म्हणालो, कवळी लागतीय. ज्याच्याकडे कवळी केली होती त्याने तीन वेळा काठ घासून दिला. दर वेळी चार दिवस बरं वाटायचं. पाच महिने गेले. जखमेची कड हाताला कडक लागायला लागली, कानाकडे ठणका जायचा, तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर होता.

तिचं ऑपरेशन झालं, दोन वर्षं मिळाली. ती दोन वर्षंही मोठी होती. पण ते पाच महिने माझ्या छातीवर आहेत. पहिल्यांदा घासून पंधरा दिवसांत भरली नाही तेव्हाच कुणी पुढे पाठवायला हवं होतं.

शेवंतीताई, तुमच्या घरी तसं काही नसेल. घाबरवायला लिहीत नाही. फक्त तारीख लिहून ठेवा.

डॉ_नाशिककर | गुरुवार, सकाळी ७.५०

माळरान, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत.

यात कुणाच्याही मनात संदिग्धता राहू नये म्हणून स्पष्ट लिहितो. कवळीची साधी जखम, कारण काढून टाकल्यावर, म्हणजे काठ घासल्यावर किंवा कवळी बाहेर ठेवल्यावर, आठ-दहा दिवसांत भरत आलेली दिसते. दोन आठवड्यांनंतरही तशीच असेल तर ती कवळीची आहे असं धरून चालायचं नाही. तुकडा तपासायचा. कड कडक लागणं, स्पर्श झाला की सहज रक्त येणं, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, ओठ-हनुवटी बधिर होणं, मानेत गाठ, यांपैकी काही असेल तर दोन आठवडेही थांबू नका. तंबाखू, मिश्री, गुटखा, सुपारी, दारू यांचा इतिहास असेल तर अधिकच लवकर. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे. कितीतरी आज्या तिला दात घासायची पूड समजतात आणि तंबाखू खाता का विचारलं तर नाही म्हणतात. म्हणून 'मिश्री लावता का?' असंच विचारावं लागतं.

अबोली_फार्मसी | गुरुवार, दुपारी १२.४०

मी औषधांच्या दुकानात बसते. कवळी लागते म्हणून जेल मागायला येणाऱ्यांना मी आता आधी एकच विचारते, बाकी गोळ्या कुठल्या चालू आहेत?

कारण तोंडातल्या सगळ्या जखमा कवळीच्या नसतात. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट देतात, ती आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली की तोंडभर व्रण येतात, आणि तो जिवावरचा प्रसंग असतो. असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरकडे. छातीच्या दुखण्यावर निकोरँडिल चालू असेल तर त्यानेही तोंडात खोल, हट्टी व्रण येऊ शकतात. कवळी कितीही घासली तरी ते भरत नाहीत. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची ॲलेन्ड्रोनेट किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिकचं इंजेक्शन घेतलेल्यांनी दंतवैद्यांना ते आवर्जून सांगावं. अशा लोकांत कवळीच्या जखमेखाली हाड उघडं पडण्याचा धोका असतो.

आणि बुरशीवर मायकोनॅझोलचं जेल येतं ना, ते रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिन किंवा असेनोकूमॅरॉल घेणाऱ्याने विचारल्याशिवाय लावू नये. तोंडात लावायचं असलं तरी रक्त जास्त पातळ होऊ शकतं. हृदयाची झडप बदललेल्यांच्या घरी ही गोळी असते.

ऊर्मी | गुरुवार, रात्री ९.१०

मी बंगळुरूला, आईबाबा सोलापूरला. बाबांना दमा आहे, स्टेरॉइडचा पंप दिवसातून दोनदा. फक्त वरची कवळी. व्हिडिओ कॉलवर गेले काही महिने ते बोलताना तोंडावर हात धरतात. मी समजत होते, कवळी ढिली झाली असेल. हा धागा वाचून आज आईला टॉर्चने बघायला लावलं. टाळू लाल आहे, शेवंतीने लिहिलंय तसाच, आणि वर पांढरे ठिपके. पंपाचा काही संबंध असेल का?

डॉ_नाशिककर | गुरुवार, रात्री १०.००

हो, असू शकतो. पंपातलं काही औषध घशात आणि टाळूवर बसतं आणि तिथली प्रतिकारशक्ती कमी करतं. पंप बंद करायचा नाही. पंप घेताना कवळी काढायची, नंतर खळखळून चूळ भरून थुंकायची, कवळी धुवायची, मग घालायची. स्पेसर नावाची नळी लावून पंप घेतला तर तोंडात औषध कमी बसतं. आणि टाळू दाखवून घ्या, पांढरे ठिपके आहेत म्हणजे औषध लागेल असं दिसतं.

कवळी धुण्याबद्दल इथेच लिहितो, कारण नुसत्या टाळूवर औषध लावून उपयोग होत नाही. बुरशीचं घर कवळीत असतं. टाळू बरा होतो, तीच कवळी परत बसते, महिन्यात टाळू पुन्हा लाल. औषध कवळीच्या आतल्या बाजूलाही लावायला सांगतात ते यासाठीच.

प्रत्येक जेवणानंतर काढून धुवायची. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साधा साबण, आतली बाजू विशेष करून. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या कणांनी ॲक्रिलिकवर ओरखडे पडतात आणि बुरशीला आणखी जागा मिळते. उकळतं पाणी मुळीच नको, कवळी वाकडी होते. रात्री गार पाण्यात बुडवून ठेवायची, कोरडी ठेवली तर तिचा आकार बदलू शकतो. बुडबुडे येणाऱ्या गोळ्या मिळतात त्या चांगल्या, पण त्या पाण्यातून काढल्यावर स्वच्छ धुतल्याशिवाय तोंडात घालू नका. काही जण घरातलं ब्लीच वापरतात. ते दंतवैद्यांनी प्रमाण सांगितल्याशिवाय नको, सांगितलं तरी दहा मिनिटांहून जास्त नाही, आणि धातूची पट्टी असलेल्या कवळीला तर कधीच नाही.

हिरड्या, टाळू आणि जीभही ओल्या मऊ फडक्याने रोज पुसायची. दात नाहीत म्हणून तोंड धुवायचं नाही असं नसतं.

रात्री काढण्याचा मी इतका आग्रह का धरतो? जपानमध्ये ८५ वर्षं आणि त्यापुढच्या ५२४ जणांना तीन वर्षं पाहिलं गेलं, २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. कवळी घालून झोपणाऱ्यांत न्यूमोनियाचं प्रमाण दुपटीहून जास्त आढळलं. रात्री कवळीवरचे जंतू लाळेबरोबर फुप्फुसात उतरत असावेत असा अर्थ त्यातून काढला जातो.

कृष्णाकाठचा | शुक्रवार, सकाळी ८.३०

डॉक्टर, एक विचारतो. आमच्याकडे बाजारच्या दिवशी एक माणूस बसतो, तासाभरात 'फिक्स दात' बसवून देतो. माझ्या चुलत्यांनी पुढचे चार बसवून घेतले. काढता येत नाहीत. आता वरची हिरडी सुजून दातांवर आली आहे, दाबलं की पू येतो. ते म्हणतात, दात छान आहेत, हिरडीच खराब आहे.

डॉ_नाशिककर | शुक्रवार, दुपारी १.१५

हिरडीचा काही दोष नाही. ते दात म्हणजे तोंडातच घट्ट केलेलं ॲक्रिलिक असतं, शेजारच्या दातांना आणि हिरडीला चिकटवलेलं, कधीकधी तारेने बांधलेलं. तोंडात घट्ट होताना त्यातलं कच्चं रसायन कातडीला भाजतं. नंतर खाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं, हिरडी सुजते, शेजारचे चांगले दातही हलायला लागतात. जी गोष्ट तोंडातून काढून धुता येत नाही आणि हिरडीवर दाबून बसलेली आहे, ती लवकरात लवकर काढून घ्यायला हवी. दंतवैद्यच काढतील, घरी पकडीने ओढू नका. सरकारी दंत महाविद्यालयात हे काम अगदी कमी खर्चात होतं, कवळीसुद्धा. काकांना फार खर्च होईल अशी भीती असेल तर तिथे न्या.

जुन्या वरच्या कवळ्यांना मध्ये रबरी चकती असायची, ओढून धरण्यासाठी. कुणाच्या आजोबांकडे तशी अजून असेल तर तीही बंद करा. तिच्या ओढीने टाळूला भोक पडल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत आहेत.

शेवंती | शनिवार, रात्री ८.५५

जाऊन आलो. सगळ्यांचे आभार, माळरानदादा, तुमचे विशेष. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे.

डॉक्टरांनी कवळीच्या आत पांढरी पेस्ट लावली, आईंना चावायला लावलं, कवळी काढली. जिथे दाब येत होता तिथली पेस्ट पुसली जाऊन गुलाबी ॲक्रिलिक दिसत होतं, बोटाच्या नखाएवढं. एवढ्याशा जागेने चार महिने त्यांना जेवू दिलं नाही. तिथला काठ घासला, कड गुळगुळीत केली. उजवीकडेही बघितलं, तिथे नुकताच लाल चट्टा सुरू झाला होता, वातीच्या उलट बाजूला. म्हणजे नाशिककर डॉक्टर म्हणाले तेच.

टाळूला बुरशीच निघाली. क्लोट्रिमॅझोलचं पातळ औषध दिलं आहे, टाळूला आणि कवळीच्या आत लावायला. तात्पुरता मऊ थर खालच्या कवळीला दिला. नवी कवळी आत्ता नाही, आधी तोंड बरं होऊ दे, सुजलेल्या हिरडीवर माप घेतलं तर नवीही चुकीची होईल, असं म्हणाले. दहा दिवसांनी परत बोलावलंय. भरत नसेल तर तुकडा काढणार, हे त्यांनीच आधी सांगितलं.

रात्री कवळी काढायचं बोलले तेव्हा आईंनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन बसले. नंतर मी त्यांना विश्वासकाकांचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला.

विश्वास_७१ | रविवार, सकाळी ६.०५

त्यांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, आठवडाभराने उशीला तोंड लावलं की बरं वाटतं, हलकं वाटतं. माझं तसं झालं.

गोदाकाठ | रविवार, सकाळी १०.२५

डॉक्टर, माझे वडील कवळी चिकटवायची पेस्ट भरपूर वापरतात. दोन आठवड्यांत एक ट्यूब संपते. कवळी तेवीस वर्षांची आहे. हे ठीक आहे का?

डॉ_नाशिककर | रविवार, सायंकाळी ५.३०

नाही. इतकी पेस्ट लागते याचा अर्थ कवळी आता त्या जबड्याची राहिलेली नाही. पेस्टने ती चिकटते, पण खाली दाब पडतच असतो, हाड झिजतच असतं. काही पेस्टमध्ये जस्त असतं. वर्षानुवर्षं भरमसाट वापर झाला तर शरीरातलं तांबं कमी होऊन हातापायांच्या नसांवर परिणाम होऊ शकतो. त्यांना पायाला मुंग्या, चालताना तोल जाणं असं काही आहे का ते विचारा. ट्यूबवरचे घटक वाचा, आणि कवळी दाखवून घ्या. दुखत नसलं तरी वर्षातून एकदा दाखवायची असते, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

शेवंती | साधारण तीन आठवड्यांनी, बुधवार

दहाव्या दिवशी जखम भरली होती, फक्त एक फिकट रेघ उरली होती. टाळू अजून थोडा गुलाबी आहे, पण ठशाची कड विरघळली. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१ निघाली, बी-१२ कमी. साखरेच्या गोळ्या बदलल्या, बी-१२ ची इंजेक्शनं चालू आहेत. खाजेची गोळीही बदलून दिली, खाज मुळात साखरेमुळे असावी म्हणाले. जिवण्या मिटत आल्या. तांब्या अजून उशाशी असतो, पण सकाळी अर्धा भरलेला असतो.

शेवंती | अडीच महिन्यांनी, सोमवार

नवी कवळी आली. पहिल्या आठवड्यात दोन ठिकाणी लागली, आणि या वेळी आईंनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं. दोन फेऱ्यांत घासून नीट झाली. काल ज्वारीची भाकरी, वरचा पापुद्रा काढून, वांग्याच्या भाजीत बुडवून खाल्ली. वजन तीन किलो वाढलं.

दर रविवारी मी टॉर्च घेऊन बसते आणि त्या तोंड उघडतात. रात्री कवळी काढताना मात्र अजून दार लोटून घेतात, ते मी तसंच राहू दिलं आहे.

ऊर्मी | सोमवार, रात्री ९.४५

किती बरं वाटलं. बाबांचाही टाळू स्वच्छ झाला, पंपानंतर आई समोर उभी राहून चूळ भरायला लावते. एक विचारायचं होतं, रात्री कवळी ठेवायला काय वापरता? आई पेल्यात ठेवते आणि मला भीती वाटते, कुणीतरी पाणी ओतून देईल.

शेवंती | मंगळवार, सकाळी ७.३०

झाकणाचा प्लास्टिकचा डबा, पाणी रोज नवीन. वर मोठ्या अक्षरात 'आई' लिहिलं आहे. आमच्याकडेही मावशींनी एकदा पेला बेसिनमध्ये उपडा केला होता, नशिबाने कवळी फुटली नाही. धुताना बेसिनमध्ये खाली ओला टॉवेल अंथरते किंवा पाण्याने भरलेलं घमेलं ठेवते, हातातून निसटली तरी आपटत नाही.